मांजर खोकतंय: काटा, केस की दमा?

आमच्या बोक्याचा रंग उकडलेल्या कोळंबीसारखा, म्हणून त्याचं नाव सुंगट. पाच वर्षांचा झाला तेव्हा पहाटे-पहाटे खोकायला लागला. जमिनीला चिकटून बसायचा, मान पुढे ताणायचा, सात-आठ वेळा खर्र खर्र करायचा, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करून पंजा चाटत बसायचा, जणू काही झालंच नाही. शेजारच्या काकींनी कुंपणावरूनच निदान केलं, "काटो अडकला आसतलो, सुक्या शिताचो गुळो दी." गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर मांजराच्या घशात काट्याशिवाय दुसरं काही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी भाताचे गोळे भरवले. मग केसांच्या गोळ्यावरची पेस्ट चाटवली. एका दवाखान्यातून अँटिबायोटिकचा कोर्सही आणला. यात दोन महिने गेले. दमा होता.

मी डॉक्टर नाही. मांजराच्या तोंडावर रोज दोनदा मास्क धरणारा माणूस आहे. पुढे लिहिलंय ते ज्यांचं मांजर नुकतंच खोकू लागलंय किंवा ज्यांच्या कानावर 'दमा' हा शब्द नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी.

दुखणं काय आहे

माणसाच्या दम्यासारखंच. हवेतली एखादी गोष्ट मांजराला सोसत नाही. त्यामुळे श्वासनलिका आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. हवा आत शिरते, पण बाहेर पडताना अडते. म्हणूनच दमेकरी मांजर श्वास सोडताना पोटाने जोर लावतं. साधारण चार-पाच वर्षांच्या वयात हे लक्षात येतं, पण आधी किंवा नंतरही होऊ शकतं. शंभरातल्या एक ते पाच मांजरांना हा त्रास असतो असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे. सयामी जातीत जास्त दिसतो, पण आपल्या गावठी मांजरांनाही चुकलेला नाही. तो माणसाला लागत नाही, घरातल्या दुसऱ्या मांजरालाही नाही. पूर्ण बराही होत नाही. आटोक्यात मात्र छान राहतो.

आधी मोबाइल काढा

मांजर खोकलं की आपण त्याच्याकडे धावतो. धावू नका, व्हिडिओ काढा. दवाखान्यात नेलेलं मांजर कधीही खोकत नाही, आणि 'खोकतं', 'ओकारी काढतं', 'शिंकतं' हे शब्द आपण इतके सैल वापरतो की डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. तीस सेकंदांचा व्हिडिओ मात्र बरंच काही सांगतो.

व्हिडिओत काय बघायचं? केस बाहेर काढणाऱ्या मांजराचं पोट आत-बाहेर उसळतं, तोंड उघडतं आणि बहुतेक वेळा काहीतरी बाहेर पडतं: लांबट ओलं वळकटं, अन्न, पिवळं पाणी. दम्याच्या खोकल्यात मान लांब आणि जमिनीसरपट जाते, कोपरं बाहेर फाकतात, खोकल्यामागून खोकला येतो आणि बाहेर काहीच पडत नाही. फार तर शेवटी उबळ येऊन थोडा पांढरा फेस. मी फसलो तो याच फेसापायी. घशात काटा अडकलेलं मांजर वेगळंच वागतं. ते लाळ गाळतं, पंजाने तोंड ओरबाडतं, खायला जातं आणि मागे फिरतं. सुंगट तर खोकून झाल्यावर थेट ताटलीकडे जायचा. तेव्हाच कळायला हवं होतं.

व्हिडिओबरोबर एक वही करा. तारीख, वेळ, किती वेळ खोकलं, त्या दिवशी घरात काय चाललं होतं. "मिरच्या कुटल्या", "केर काढला", "रात्री कॉइल लावली" एवढं पुरे. महिन्याभरात ही वही तुम्हाला असं काही दाखवेल जे कुठलीच तपासणी दाखवणार नाही.

झोपेतला श्वास मोजा

हे शिकायला पाच मिनिटं लागतात, आणि घरबसल्या करता येण्याजोगं याहून उपयोगाचं काही नाही. मांजर गाढ झोपलेलं असताना छातीकडे बघा. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुपटीने गुणा. घुरघुरत असेल तर सोडून द्या, आकडा चुकतो. नुकतंच खेळून आलेलं किंवा मे महिन्यात उन्हाच्या कौलांखालून उतरलेलं मांजरही मोजू नका.

निरोगी मांजराचा झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो. तुमच्या मांजराचा नेहमीचा आकडा आठवडाभर मोजून वहीत लिहून ठेवा. सुंगटचा २२-२४ असतो. पुन्हा पुन्हा ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर गेला तर उद्यावर टाकू नका.

वाट बघायची नाही अशी वेळ

कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते त्याचं रोजचंच. मांजराने तसं करणं चांगलं लक्षण नव्हे. तोंड उघडून श्वास, हिरड्या किंवा जीभ निळसर-करडी, प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत ओढलं जाणं, आडवं व्हायला नकार देऊन कोपरं फाकवून एकाच जागी बसून राहणं, यांतलं काहीही दिसलं तर तडक निघायचं. मांजराला कवटाळू नका, पाणी पाजू नका, वाफ देऊ नका. अलगद पिंजऱ्यात ठेवा, गाडीत बडबड नको, आणि निघतानाच फोन करून सांगा, "मांजराला श्वास घेता येत नाहीये, ऑक्सिजन तयार ठेवा."

हा फोन नंबर संकट यायच्या आधी हाताशी हवा. रात्री कोण उघडं असतं, ऑक्सिजन कुणाकडे आहे, पोचायला किती वेळ लागतो, हे एखाद्या निवांत दुपारी विचारून ठेवा. दिवाडी किंवा चोडण बेटावर राहत असाल तर फेरीबोटीच्या रात्रीच्या वेळाही त्याच कागदावर लिहा.

दवाखान्यात काय होतं

'दमा आहे' असं छापून देणारी एकच एक तपासणी नाही. खोकल्याची बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढत डॉक्टर दम्यापर्यंत पोचतात. छातीच्या एक्स-रेत श्वासनलिकांच्या जाड झालेल्या भिंती आडव्या कापात कडबोळ्यासारख्या आणि उभ्या कापात रुळांसारख्या दिसतात. पण दमा असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा "काही दिसत नाही" म्हणजे "काही नाही" असं समजून घरी येऊ नका. काही वेळा बेशुद्ध करून फुप्फुसातला स्राव काढतात आणि त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी मोजतात. हृदयाचा आजार नाही ना, हेही बघावं लागतं.

एक शक्यता आपल्याकडे मुद्दाम विचारावी: फुप्फुसातले जंत. त्यांची पिल्लं गोगलगायींत वाढतात. मांजर गोगलगाय क्वचितच खातं, पण गोगलगाय खाल्लेला उंदीर, बेडूक, पाल किंवा पक्षी आवडीने खातं. पावसाळ्यात आपल्या भाटात (बागायतीत) गोगलगायींची काय गर्दी असते ते सांगायला नको. हे जंत झाले की खोकला हुबेहूब दम्यासारखा. त्यामुळे शिकारी मांजराला बरेच डॉक्टर आधी जंताचं औषध देऊन बघतात. ते योग्यच आहे.

तालुक्याचे सरकारी पशुवैद्य गुरांत मुरलेले असतात, पण पहिल्या तपासणीला त्यांच्याकडे जायला काहीच हरकत नाही. फक्त एक्स-रेची सोय आहे का हे आधी फोनवर विचारा. पिंजऱ्यातून दोन दवाखाने फिरलेलं मांजर तिसऱ्यांदा पिंजऱ्यात शिरत नाही.

औषधं दोन, कामं वेगळी

इथे नवखे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. एक औषध सूज उतरवतं, ते स्टेरॉइड. दुसरं आवळलेल्या नलिका मोकळ्या करतं, ते साल्बुटामोल, आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत 'अस्थालिन' म्हणून मिळणारं. स्टेरॉइड रोज, साल्बुटामोल झटक्याच्या वेळी. साल्बुटामोलने मांजर दहा मिनिटांत मोकळं होतं आणि आपल्याला वाटतं, हेच खरं औषध. पण आतली सूज तशीच असते, आणि ते रोजच्या रोज देत राहिलं तर सूज वाढूही शकते. आठवड्यातून पुन्हा पुन्हा ते वापरावं लागत असेल तर रोजचं औषध कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

स्टेरॉइड सुरुवातीला बहुधा गोळीतून देतात: प्रेडनिसोलोन. खोकला काही दिवसांतच थांबतो. आणि तिथेच घोळ होतो. खोकला थांबला म्हणून मीही पहिल्यांदा गोळी बंद केली होती. तीन आठवड्यांनी सुंगट पुन्हा पहाटे मान ताणून बसला. खोकला थांबतो त्यानंतरही सूज मागे उरते. शिवाय स्टेरॉइड एकदम तोडणं शरीरालाही झेपत नाही, मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीनेच उतरवायची. दुसऱ्या बाजूने, गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर वजन वाढतं आणि मधुमेहाचा धोका असतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांनाही हेच लागू. मांजर एकाएकी खूप पाणी पिऊ लागलं, मलविसर्जनाच्या खोक्यात लघवीने होणारे मातीचे गोळे मोठे दिसू लागले तर साखर तपासून घ्या.

म्हणून पुढचा मुक्काम इन्हेलर: फ्लुटिकासोन, बहुधा सकाळ-संध्याकाळ एकेक मात्रा. औषध थेट फुप्फुसात जातं, बाकी शरीराला फारसं लागत नाही. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळी सोबत चालूच राहते.

दुकानात सांगताना एक काळजी घ्या. आपल्याकडे दम्याचं औषध म्हटलं की पुष्कळदा कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र पुढे येतं, ते रोटाकॅपवालं. ती भुकटी जोरात श्वास ओढल्याशिवाय आत जात नाही, आणि मांजराला "आता जोरात ओढ" असं सांगता येत नाही. फवाऱ्याचाच इन्हेलर हवा, त्यावर मोजणी-आकडा असेल तर उत्तम. साधारण १२० मात्रांचा डबा रोज दोन मात्रांनी ६० दिवस पुरतो. फुसफुसण्याचा आवाज त्यानंतरही येत राहतो, आत औषध नसतं.

आणि माणसांच्या कपाटातलं काही नको. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. खोकल्याची सिरपं, अडुळशाचा काढा, छातीला चोळायचा बाम, कापूर, निलगिरीचं तेल, सगळं दूर ठेवा. घरातल्या कुणाला दमा असला तरी त्यांचा इन्हेलर उसना घेऊ नका, त्यात कुठली औषधं एकत्र आहेत हे बघायला हवं. मांजराला हृदयासाठी प्रोप्रानोलोलसारखं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने श्वासनलिका आवळतात.

मास्कची सवय: घाई केलीत तर संपलं

इन्हेलर आणि मांजर यांच्यामध्ये एक नळकांडं लागतं, एका टोकाला छोटा मास्क असलेलं. मांजरांसाठीच बनवलेलं मिळतं. ते न मिळाल्यास तान्ह्या बाळांचं चालतं का ते डॉक्टरांना दाखवून घ्या. मोठ्या माणसांचं उपयोगाचं नाही, कारण मांजराचा श्वास इतका लहान असतो की आतली झडप हलतच नाही.

नळकांडं आणलं त्याच संध्याकाळी मांजराच्या तोंडावर दाबलंत, तर पुढचे सहा महिने ते पलंगाखाली काढेल. आमच्याकडे दोन आठवडे लागले. पहिले तीन-चार दिवस मास्क नुसता ताटलीशेजारी पडून होता. मग मास्कच्या आत सुकटीचा चुरा ठेवला. सुंगट स्वतःच त्यात तोंड घालू लागला. (सुकट कमी द्या, खारट असते. आम्ही चिमूटभर द्यायचो आणि ती चिमूट त्याच्या दृष्टीने आयुष्यातला सर्वोच्च पगार होता.) मग एक सेकंद मास्क नाकावर, लगेच सुकट. मग तीन सेकंद. मग श्वास मोजत पाच, दहा. इन्हेलरचा 'फुस्स' आवाज वेगळा शिकवावा लागतो, कारण मांजराच्या कानाला तो दुसऱ्या मांजराच्या फिस्कारण्यासारखा लागतो. लांब उभं राहून एक मात्रा हवेत सोडा, सुकट द्या. रोज थोडं जवळ या.

प्रत्यक्ष देताना इन्हेलर नीट हलवा, नळकांड्याला जोडा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, कळ दाबा आणि सात ते दहा श्वास मोजा. झडप हलताना दिसते, तिच्यावर नजर ठेवा. तोंडाला फट राहिली तर औषध बाहेर जातं. आवाजाने फारच दचकणाऱ्या मांजरासाठी आधी मात्रा नळकांड्यात सोडून लगेच मास्क लावतात. मांजराच्या समोर नाही, मागे बसा: दोन गुडघ्यांमध्ये मांजर, त्याचं तोंड पुढे, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा नसते. झाल्यावर ओल्या फडक्याने तोंड पुसा.

जेवणाच्या आधी द्या. जेवणानंतर मांजराला तुमची गरज संपलेली असते.

नळकांडं आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि आतून न पुसता वाळू द्या, पुसलं की औषध भिंतीला चिकटतं. जुलैत ते आपलं आपण वाळणार नाही. मी रात्री धुवून पंख्याखाली ठेवतो, आणि आता दुसरं घेऊनच ठेवलंय.

आपल्या घरातली हवा

औषध अर्धं काम करतं. उरलेलं अर्धं घरात आहे, आणि गोव्यातल्या घरात ते सोपं नाही.

सर्वांत आधी डासांची कॉइल बंद. आमच्या वहीत 'कॉइल' आणि 'खोकला' हे शब्द इतक्या वेळा शेजारी आले की वाद घालायला जागाच उरली नाही. खिडक्यांना जाळी बसवा, पलंगाला मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप, लोबान, सुवासिक फवारे, सिगारेट हे सगळं त्याच रांगेत. देवघरात निरांजन लावा, उदबत्ती तुळशीपाशी अंगणात. आमच्या आईला हे पटायला महिना लागला, पण सुंगटचा खोकला तिनेही ऐकला होता.

मग बुरशी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना काळे ठिपके, कपाटातल्या चपलांना पांढरी लव, गाद्यांना वास. मांजर नेमकं त्याच कपाटात झोपतं. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मांजराचं अंथरूण धुता येईल असंच ठेवा आणि आठवड्याला गरम पाण्यात धुवा. एसी असेल तर जाळ्या धुवून 'ड्राय'वर चालवा. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र परवडत असेल तर मांजराच्या खोलीत लावा. बुरशी पुसताना ब्लीचचा वास मांजराला चढतो, म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भिंत सुकेपर्यंत सोडू नका. मंगलोरी कौलांच्या घरात माळ्यावर जी धूळ, नारळाची सोडणं, जुनी पोती असतात, ती मांजराची आवडती जागा. तिथली वाट बंद करा.

मलविसर्जनाच्या खोक्यात काय घालता? सुताराकडचा भुसा किंवा धुळीची माती असेल तर मांजर उकरताना नाक त्या ढगातच असतं. धूळ न उडणारे, वास न घातलेले दाणे घ्या, नाहीतर वर्तमानपत्राचे तुकडे. खोक्याला झाकण नको.

बाकी ऋतूंप्रमाणे. डिसेंबर-जानेवारीपासून भाटातला पातेरा जाळायला सुरुवात होते. मार्चपासून काजूच्या भट्ट्या पेटतात. मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची गडबड: मिरच्या वाळतात, भाजतात, कुटतात. त्या दिवशी मांजर आतल्या खोलीत, दार बंद. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घराला रंग काढतो तेव्हा ताज्या रंगाच्या वासात त्याला ठेवू नका. नरकासुराच्या पहाटे फटाके आणि पुतळ्याचा धूर, तेव्हाही तेच. खाणपट्ट्यात तांबडी धूळ आणि वास्कोत काळी, तिथे रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवून फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

मासळीबद्दल सगळे विचारतात. बांगडा खाल्ल्याने दमा होत नाही, आणि मासळी तोडून तो जातही नाही. त्रास तव्यावरच्या धुराचा. तळताना मांजर स्वयंपाकघराबाहेर, ही शिस्त आमच्याकडे आजही दोघांपैकी एकच पाळतो. वजन मात्र सांभाळा. जाड मांजराचा श्वास निरोगी असतानाही जड असतो. गळ्यातला पट्टाही काढा, बांधायचंच असेल तर छातीवरचा वापरा.

चवथीला कोण देणार?

हा प्रश्न ऑगस्टमध्ये नाही, जुलैतच सोडवा. मूळ घरी सगळे जमतात: धूप, फटाके, पन्नास माणसं. सुंगटला आम्ही तिकडे नेत नाही. शेजारच्या त्याच काकी, सुक्या शिताच्या गोळ्यावाल्या, आता दोन वेळा मास्क धरतात. त्यांना आम्ही आठ दिवस आधीपासून रोज बोलावलं. पहिले चार दिवस त्या नुसत्या सुकट द्यायच्या, मग आमच्यासमोर मास्क. फ्रिजवर कागद आहे: नेहमीचा आकडा २२-२४, तीसवर फोन, तोंड उघडलं तर रिक्षा आणि दवाखान्याचा नंबर. निळा इन्हेलर, म्हणजे साल्बुटामोलचा, फक्त झटक्याला, किती वेळा ते डॉक्टरांच्या अक्षरात. रोजच्या इन्हेलरवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात 'रोज' लिहिलंय, कारण पहिल्या वर्षी काकींनी तीन दिवस निळाच दिला होता आणि फोनवर कौतुकाने सांगत होत्या, "कितें बरो आसा रे, उड्यो मारता."